ब्रेक समोर मिळतील

चिमे, सगळ्यात आधी आली ती एक पांढऱ्या केसांची बाई. माझ्याच वयाची असेल, पण सायकलवर! अंगाला चिकटलेली काळी विजार, आणि मागून तशाच विजारींची अख्खी रांग. (थांब, आधी रीत पाळते. तुला आणि तुझ्या माणसाला पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझा दुखतोच, पण आजचं ऐकशील तर तुझाही जास्त दुखेल.)

मी पायरीवर लसूण सोलत होते. समोर सायकल मिस्त्रीचं दुकान सताड उघडं असून ती बाई थांबली माझ्या दारात, हे ध्यानात ठेव. म्हणाली, "ताई, जरा ब्रेक हवा होता." एवढा उतार आणि ब्रेक नाही! "सगळ्यांनाच हवाय का हो?" "सगळ्यांनाच. सकाळपासून एकदाही मिळाला नाही." मी कपाळाला हात लावला. "अहो, मग इथे कशाला थांबलात? ब्रेक समोर मिळतील." आणि बोटाने दाखवलंसुद्धा. माझ्याच बोटाने, चिमे!

त्यांना घटकाभर बसायला हवं होतं गं. हल्ली दम खाण्याला ब्रेक म्हणतात, हे सुनेने मागाहून सांगितलं, हसू दाबून. (दाबलेलं हसू मला दिसतं. मोतीबिंदू उगाच नाही काढला.)

मग काय, मिस्त्रीणबाईंची चंगळ. पदर खोचून आली, "आजी, तुमच्या खुर्च्या नेते हं, आमच्याकडे पाहुणे आलेत." आमच्याकडे! दिल्या. फुलांचे काचेचे ग्लासही दिले, जे तू आलीस तरी मी काढत नाही. माझ्या खुर्च्यांत बसून, माझ्या ग्लासांतून तिचं लिंबूपाणी प्यायले आणि तिला म्हणाले, किती माया आहे तुम्हाला! (लिंबूपाणी कसलं, पाण्याला लिंबू लांबून दाखवलं होतं. ग्लास परत आल्यावर मी हुंगून पाहिले.) फोटोही तिच्याबरोबरच काढला. त्यात कोपऱ्यात माझ्या खुर्चीचा पाय आलाय म्हणे.

निघताना ती पांढऱ्या केसांची बाई मुद्दाम रस्ता ओलांडून आली. माझे हात धरून म्हणाली, "ताई, फार चांगली जागा दाखवलीत." मग म्हणाली, माझ्या सायकलची घंटी वाजवून बघा. वाजवली. काय गोड वाजते गं! पुन्हा वाजवली. तेवढ्यात मिस्त्रिणीने मान वळवून पाहिलं, म्हणून तिसऱ्यांदा वाजवली. जीव असा हरखला की विचारून टाकलं, "परत जाताना आमच्याकडे थांबाल ना?" तर हसली आणि म्हणाली, "जिथे ब्रेक मिळेल तिथे थांबू."

बाकी क्षेम. मिस्त्रिणीबद्दल माझ्या मनात काही नाही.

तुझी थोरली

ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. तुझा जावई पाट्या रंगवतो ना, त्याच्याकडून एक करून घे: "ब्रेक इथे मिळेल." अक्षरं दमलेल्या माणसाला चष्म्याशिवाय दिसतील एवढी मोठी. मीच खडूने लिहिलं असतं, पण जोडाक्षरं शिकायच्या आत माझी शाळा सुटली. (या पत्रातले ब्रेक काय, मिस्त्रीण काय, सगळी जोडाक्षरं सुनेकडून लिहून घेतलीत.) खाली बाण काढायला सांग, आणि तो माझ्या दाराकडे.

आणखी एक. पाटी बघून कोणी मोडकी सायकल घेऊन आलंच, तर त्यालाही लिंबूपाणी देईन, पण समोर पाठवणार नाही. खुर्च्या कुलपात ठेवल्यात. जावयाला घाई करायला सांग, ती मंडळी रविवारी परत येणार आहेत.