चारही चाकांतली हवा

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे असतील असं धरून लिहिते. फोनवर तू बोलतोस आणि मी हं म्हणते, त्यात सांगायचं ते राहून जातं, म्हणून पत्र.

मी गाडी घेतली आहे. चारचाकी, लहान, राखाडी रंगाची. म्हणायला सेकंडहँड, पण अकराशे चाळीस किलोमीटरच चाललेली. आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. त्यांनी हौसेने घेतली आणि मग जुळं होणार असं कळलं, तेव्हा मोठी गाडी घेणं भाग पडलं. मागच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. माझी दाढ भरताना त्यांनी विषय काढला. तोंड उघडं होतं म्हणून मला नाही म्हणता आलं नाही, असं तू म्हणशील. तसं नाही. घरी येऊन दोन दिवस विचार केला आणि मग हो म्हटलं.

कागद तीन वेळा वाचले. इंजिनाचा नंबर भिंग लावून पडताळला. वजनमाप खात्यात चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले, ती सवय जात नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की मी लोकांच्या तोंडात बघते, पण तुम्ही गाडीच्या तोंडात माझ्याहून जास्त वेळ बघितलंत.

ह्यांना जाऊन मागच्या आठवड्यात वर्ष झालं. दिवस ठीक गेला.

मला गाडी चालवता येत नाही. शिकणार आहे. तोवर ती फाटकाच्या आत उभी आहे. रोज सकाळी पुसते आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवते. तुझ्या बायकोला सांग. ती रागावली तर रागावू दे.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, कंबर वाकेल तेवढा. वि. वि. तुझं पत्र मी उभ्याने वाचायला घेतलं आणि बसून संपवलं. तुझी भावजय रागावली नाही. तिने फक्त पत्र माझ्या हातातून घेतलं, परत वाचलं आणि विचारलं की वन्संना ताप वगैरे नाही ना.

अगं, एकसष्टाव्या वर्षी! लहानपणी तू सायकल शिकत होतीस ते आठवतं का? मागून धर म्हणालीस आणि सोडलंस तर मारीन म्हणालीस. मी सोडलं नाही. आपली गल्ली संपली, पुढची संपली, मी आपला धावतोच आहे. शेवटी तू सायकल शिकली नाहीस, मी मात्र धावायला शिकलो.

आता बस डेपोच्या टायर विभागात अठ्ठावीस वर्षं घासलेला माणूस म्हणून सांगतो. गाडी म्हणजे कुंडीतलं रोप नव्हे, की एका जागी ठेवून रोज पुसलं म्हणजे वाढेल. उभी गाडी खराब होते. पाच मिनिटं इंजिन चालवून बॅटरी भरत नाही, उलट उतरते.

आणि तुला जायचंय कुठे? बाजार पाच मिनिटांवर, बँक त्याच्या शेजारी. वर्षभर आम्ही म्हणतोय, आमच्याकडे राहायला ये. मागची खोली रंगवून ठेवली आहे. तू हो म्हणत नाहीस, नाहीही म्हणत नाहीस, आणि आता एकदम गाडी! तेव्हा माझी अट ऐक. एकतीस मार्चपर्यंत तू स्वतः चालवत गाडी फाटकाबाहेर काढलीस, तर मी पुन्हा कधी ये म्हणणार नाही. नाही काढलीस, तर गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि इकडे यायचं. लेखी कळव. तुझं हं मी धरणार नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तरी आमची तक्रार नाही.

तुझा,
धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. अट मान्य. हे घर मला सोडायचं नाही, म्हणून मान्य. सायकलचं तू लिहिलंस ते बरोबर नाही. पुढची गल्ली संपली नव्हती.

शिकवणी सुरू आहे. शिकवणारी मुलगी पंचविशीची आहे, मी तिला मास्तरीणबाई म्हणते. ती म्हणते की ब्रेक दाबायचा असतो, त्याला विनंती करायची नसते. गिअर बदलताना मी डोळे मिटते असंही तिचं म्हणणं आहे. लक्ष ठेवून पाहिलं, खरं आहे.

आता मुख्य काम. गाडीच्या टायरांत खोट आहे. मी हवा मोजायचं गेज आणलं. आधी तेच तपासून घेतलं, अर्धा पौंड जास्त दाखवतं, तो वजा करते. रोज सकाळ-संध्याकाळ चारही चाकं मोजते, प्रत्येक चाक तीनदा, आणि सरासरी काढते. सोमवारी तेहतीस पौंड असते, रविवारपर्यंत तेवीस होते. एका चाकाचं असतं तर पंक्चर म्हटलं असतं. पण चारही अगदी सारख्या गतीने उतरतात, जशी काही आपसांत ठरवून.

दर रविवारी पायपंपाने भरते. समोरचे चष्मेवाले, त्यांना तू भेटला आहेस, गॅलरीत उभे राहून माझे पाय मोजतात. गेल्या रविवारी म्हणाले की मधल्या चाकापर्यंत तीनशे झाले, आता विश्रांती घ्या. चार चाकांत मधलं कुठलं, ते मी विचारलं नाही.

टायर कंपनीला चार पानी तक्रार लिहिली आहे. पाठवण्याआधी तू नजर टाक. सोबत तीन आठवड्यांचा तक्ता.

तुझी,
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तक्ता मिळाला. डेपोत भिंतीवर लावला आहे. आमच्या फोरमनसाहेबांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि मग त्यांना खुर्ची द्यावी लागली.

ताई, तू गेज लावतेस तेव्हा फुस्स असा आवाज येतो ना? ते फुस्स म्हणजे काय वाटलं तुला? ती तुझीच हवा गं. चार चाकं, तीन-तीनदा, दोन वेळा, म्हणजे दिवसाला चोवीस फुस्स. तू रोज चोर शोधायला जातेस आणि येताना थोडी चोरी करून येतेस. महिन्यातून दोनदा मोजलंस तरी पुष्कळ झालं, आणि तेही एकेकदाच. खोटं वाटत असेल तर डिकीत जादा चाक आहे, स्टेपनी. तिला तू अजून हात लावला नसशील. ती मोज. एकदाच!

तक्रार मात्र पाठवू नकोस. टायरवाल्यांना मला रोज तोंड दाखवायचं असतं.

लोभ मोजत बसू नये, त्यानेही उतरतो.

तुझा,
धाकटा

६ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. स्टेपनी मोजली. एकदाच. तेहतीस.

चूक माझी. वहीत तसा शेरा लिहून खाली सही केली आहे. तक्रार रद्द. चौतीस वर्षं ज्यांना दंड केला त्या दुकानदारांपैकी कोणाला हे कळू नये, एवढीच इच्छा आहे.

लायसन्स मिळालं. फोटोत मी कोणावर तरी धाड घालायला निघाल्यासारखी दिसते. पण शिकवणीच्या गाडीत मास्तरीणबाईंच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. आपल्या गाडीत तो नाही. रोज सकाळी मी फाटक उघडते, सीटवर बसते, पट्टा लावते, आरसे नीट करते. मग उतरते आणि फाटक लावते.

ताई

१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. सतरा दिवस उरले. फोरमनसाहेबांच्या साडूंना लहान गाडी हवी आहे. मी त्यांना सांगितलं की जगात एवढी मोजलेली गाडी दुसरी मिळणार नाही.

पण ताई, मी पैज जिंकायला लिहीत नाही. संध्याकाळी फोन केला की तुझ्या हंच्या आधी तू जरा थांबतेस, ते थांबणं मला ऐकवत नाही. गाडी राहू दे. तू ये.

तुझा,
धाकटा

२५ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

काल दुपारी चष्मेवाले फाटकाशी आले. त्यांची बायको स्टुलावरून पडली आणि मनगट मोडलं. त्यांची गाडी दुरुस्तीला गेलेली, टॅक्सी चाळीस मिनिटं लागतील म्हणत होती. फाटकाची कडी धरून ते सांगायला लागले की तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता, पण. मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. चावी घेतली.

दवाखाना तीन किलोमीटर. तिन्ही दुसऱ्या गिअरमध्ये गेले. मागून हॉर्न सारखे चालू होते. बाई मनगट धरून मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की तिसरा टाकून बघा हो. चष्मेवाले त्यांना म्हणाले की तू बोलू नकोस, त्या डोळे मिटतील. म्हणजे हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या चौकात गाडी दोनदा बंद पडली. हवालदाराने चारही बाजू थांबवल्या आणि मला रस्ता दिला. पण पोचलो. हाड बसवलं, प्लास्टर घातलं, आता बाई ठीक आहेत.

मला जायचंय कुठे, असं तू विचारलं होतंस. तेव्हा उत्तर लिहिलं नाही.

ह्यांच्या शेवटच्या पाच महिन्यांत अकरा वेळा मी चष्मेवाल्यांच्या दारात अशीच उभी राहिले. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. तरी जिना चढताना मी काय बोलायचं ते पाठ करायची. एकदा ते जेवत होते. अर्धं ताट तसंच ठेवून, हात धुऊन आले. हे गाडीत मागे बसले आणि पोटात कळा येत असताना त्यांची माफी मागितली, जेवण मोडलं म्हणून. घरी परत येईपर्यंत दोनदा मागितली. ते मला विसरता येत नाही.

गाडी घ्यायला उशीर झाला, हे मला कळतं. तरी घेतली.

तेव्हा गाडी विकायची नाही आणि घराला कुलूपही लावायचं नाही. साडूंना तसं कळव. खोली रंगवलीस त्याचं मला वाईट वाटतं. सुट्टीत येऊन आठ दिवस राहीन.

एक अडचण आहे. डॉक्टरीणबाईंच्या ड्रायव्हरने गाडी आणली तेव्हा ती मागे घेत आत लावली होती, तोंड रस्त्याकडे. काल परतताना मला ते जमलं नाही, मी सरळ आत घातली. आता तिचं तोंड भिंतीकडे आहे. पुढच्या वेळी मागे मागे जात बाहेर काढावी लागेल, आणि फाटकात दोन्ही बाजूंना चार-चार बोटंच उरतात. मास्तरीणबाईंचा मागे जायचा धडा मी दोनदा चुकवला होता.

येत्या रविवारी तू ये. फाटकाशी उभा राहा आणि किती बोटं उरली ते मोठ्याने सांगत राहा. मी ओरडले तरी जाऊ नकोस.

लोभ आहे, तो कमी झालेला नाही.

तुझी,
ताई