मालकांच्या पिकअपचं खरं ॲव्हरेज

मी, शिवकांता वैजनाथ हालकुडे, वय सत्त्याहत्तर, धंदा कडब्याचा व्यापार, राहणार देवणी, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. डोकं जाग्यावर आहे. कुणाला शंका असल्यास माझ्याशी कडब्याचा भाव करून बघावा. माझ्यावर कुणाचा दाब नाही, दाबणारा अजून जन्मायचा आहे. शाळा तिसरीपर्यंत झाली, म्हणून लिहिण्यात चुका असतील; त्याचा फायदा घेऊन अर्थ बदलू नये. याआधीचे कागद रद्द.

१. राहतं घर मुलगा बसवराज आणि सून तनुजा यांना निम्मं निम्मं. तनुजाचं नाव मुद्दाम घातलं आहे. पत्रा गळत होता तेव्हा ती वर चढली, बसवराजनं खाली पातेलं ठेवलं.

२. माझे कैलासवासी मालक वैजनाथराव यांनी घेतलेली डिझेल पिकअप बसवराजला. डावा दरवाजा आतून उघडत नाही, हे त्याला माहीत आहेच.

३. त्या पिकअपच्या ॲव्हरेजबद्दल. मालक सगळ्यांना सांगायचे, लिटरला अठरा. एकोणीस वर्षांमागं उदगीरला लग्नाच्या पंगतीत माझा धाकटा दीर गुरुपादप्पा म्हणाला, "अण्णा, अठरा तर उतारावर ढकलली तरी द्यायची न्हाई." मालक भरल्या ताटावरून उठले. त्या दिवसापासून भावाभावात बोलणं बंद. मालक गेल्यावर तो अबोला मी चालवला.

आता लिहून देते की ॲव्हरेज बाराच होतं. शेजारी डिझेलचा कॅन मांडीवर घेऊन मीच बसायचे. मालक फक्त परतीच्या रिकाम्या फेरीचं मोजायचे. ही कबुली माझ्या पश्चातच गुरुपादप्पाला कळावी, आधी नाही.

४. बँकेतली ठेव. ही वाचायला सगळे टपलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

बसवराजची मुलगी शिवकन्या हिला माझ्या ठेवीतून इलेक्ट्रिक पिकअप पाहिजे. बसवराज म्हणतो, "आई, ते पैसे तिच्या लग्नाला ठेव." पोरगी म्हणते, "आजी, आपला धंदा सगळा धुरात जाऊन राहिला." एजन्सीचा माणूस घरी आला, म्हणाला, एका चार्जात दीडशे किलोमीटर. मी विचारलं, "भरून का रिकामी?" तो म्हणाला, "आजी, चहा लई छान झालाय."

मग शिवकन्येनं एक दिवस चालवून बघायला ती गाडी आणली. नायगावच्या गिऱ्हाइकाला कडबा द्यायचा होता, शंभराच्या वर किलोमीटर. इथं मी लबाडी केली. दोन खेपांचा माल एका खेपेत भरायला लावला, केबिनच्या वर दोन हात. कडबा वजनाला हलका, म्हणून नव्या माणसाला वाटतं गाडी पळेल. पण वर गेलेला कडबा वाऱ्याला छाती देतो, आणि निम्मं डिझेल वाराच खातो. हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. पोरीला सांगितलं नाही, तिच्या शेजारी जाऊन बसले.

मुखेडच्या वेशीवर चार्जाचा काटा तळाला. त्या गावात ओळखीचा मोठा प्लग एकच, गुरुपादप्पाच्या पिठाच्या गिरणीत. मी लग्न होऊन आले तेव्हा हा चड्डीत शाळेला जायचा. त्याच्या दारात एकोणीस वर्षांनी मी उभी, हातात वायर.

"या वैनी, पाणी घ्या."

"पाणी गाडीला चालत न्हाई. लाईट दे."

"ॲव्हरेज किती पडलं?" तोंड अजून तसंच आहे.

पाच तास बसले. मध्ये दीड तास लाईट गेली. गिरणीच्या गल्ल्यावर मालकांचा फोटो आहे, हार ताजा होता. मी तिसरा चहा घेतला.

शिवकन्या मात्र बसली नाही. रस्त्यानं जाणाऱ्या भरलेल्या गाड्या बघत उभी होती. मग एकदम वर चढली आणि केबिनच्या वरचा सगळा कडबा गिरणीमागं उतरवला.

"आजी, बॅटरीनं न्हाई, उंचीनं मारलं. तुला ठाऊक होतं ना?"

"हाव."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुझ्या बापाला वीस वर्षांत उमगलं न्हाई. तुला किती येळ लागतो बघत होते."

नायगावला पोचलो, वर चार्ज उरला. म्हणून सगळी ठेव शिवकन्येला, त्याच गाडीसाठी. अटी अशा: (अ) केबिनच्या वर माल भरू नये. (आ) बॅटरी बसली तर नवी कितीला, हे एजन्सीवाल्याकडून लेखी घ्यावं, चहा त्यानंतर. (इ) रिकाम्या फेरीचं ॲव्हरेज कुणालाही सांगू नये, घरात एक झालं तेवढं बास.

माझी शंका फिटलेली नाही. पण पोरगी शंका घेऊन उन्हात उभी राहते, हे मी बघितलं. गाडी कुठं थांबलीच तर बसवराजनं डिझेलची गाडी घेऊन दोर बांधायला जावं आणि तोंड बंद ठेवावं.

५. गुरुपादप्पाला काही नाही. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, आणि मला सही त्याचीच पाहिजे. साक्षीदारानं मजकूर वाचायची गरज नसते, हेही विचारून घेतलं आहे. कागद दुमडून फक्त खालचा भाग त्याच्यापुढं धरला जाईल.

६. माझी शेवटची खेप. आमच्यात मयताला बसवून नेतात आणि शेतात माती देतात. मला शिवकन्येच्या नव्या गाडीच्या हौद्यात बसवावं. डोकं केबिनच्या वर जाईल; अट (अ) तेवढ्या दिवसापुरती माफ, गाडी हळू चालवावी. तिला आवाज नाही, गावाला कळायचं नाही, म्हणून पुढं बैलाची घुंगुरमाळ बांधावी. शेत तीन किलोमीटर आहे, चार्ज पुरेल.

येताना गाडी रिकामी असेल. तेव्हा गुरुपादप्पाला पुढं बसवून कलम तीन वाचून दाखवावं आणि काट्याकडं बघू द्यावं. कंपनीचा आकडा त्या फेरीला खरा निघेल. मालकांचाही.

लिहून देणार: शिवकांता वैजनाथ हालकुडे (सही)

साक्षीदार:
१. गुरुपादप्पा हालकुडे, गिरणीवाले, मुखेड (सही). "वैनी, वर काय लिव्हलंय?" असं दोनदा विचारलं. सांगितलं नाही.
२. मल्लम्मा पंचाक्षरी स्वामी, शेजारीण, देवणी (सही). हिनं वाचलं आहे आणि हसली आहे.

ठिकाण: देवणी
दिनांक: १२ मार्च २०२५