पुलापासून शाळेपर्यंत

सोमवार, ३

आधी आला तो दाढीवाला, थेट पायपुसण्यावर बूट रोवून उभा. मागून चष्मेवाली बाई, हातात वायरींचं भेंडोळं. लेकाकडे कायमची राहायला येऊन मला चारच दिवस झालेत, आणि घरात एवढी वर्दळ! मला तर आनंदच झाला. लोक गाडी कशी चालवतात, कुठे चुकतात, हे ती दोघं तपासतात. गाडीत लेकाच्या तोंडासमोर कॅमेरा बसवला. नातीला शाळेत सोडताना मी मागच्या सीटवर असते म्हटल्यावर मलाही कागद दिला. हॉर्न, फोन, करकचून ब्रेक. चूक दिसली की रेघ ओढायची. म्हटलं, रेघा जमतील, अक्षराचं विचारू नका. लेक म्हणतो, आईच्या ओळी म्हणजे मुंग्यांची वरात. मेल्या, गिरवायला तुला मीच बसवलं होतं.

बुधवार, ५

पुलापर्यंत सात रेघा. लेकानं ट्रकवाल्याला शिवी हासडली, तिला रकाना नाही, मग समासात लिहिली. पण पूल ओलांडला की लेक निराळाच! धक्का नाही, हॉर्न नाही, मांडीवरच्या तांब्यातलं पाणीसुद्धा हलत नाही. शाळेपर्यंत कागद कोरा. सूनबाईला म्हटलं, हे माझे संस्कार. ती म्हणाली, मग पुलाअलीकडचे कोणाचे? जिभेला हाड नाही, पण गुणाची आहे.

शुक्रवार, १४

दोघं परत आली. दाढीवाला चहाला नको म्हणाला, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. चष्मेवालीनं कॅमेऱ्यातलं दाखवलं. पूल संपला की लेकाचे डोळे मिटतात. शाळेच्या फाटकाशी उघडतात. बारा मिनिटं, रोज. हात स्टिअरिंगवर, वळणं अचूक. मग गाडी कोण चालवतं, विचारलं. बाईनं चष्मा काढून पुसला. आमच्या साहेबांना घेऊन गुरुवारी नऊला येतो, तोवर चालवू नका, म्हणाली. लेक हसला. कॅमेरा बिघडलाय म्हणे.

आणि मी तेवढाच रस्ता कोरा ठेवला होता. शाबासकी म्हणून.

सोमवार, १७

आज गाडीतल्या आरशात पाहिलं. खरंच मिटलेले. नात त्याच्या शेजारी बसून पाढे म्हणत होती. मी खांदा धरून हाक मारली. तो जागा झाला आणि गाडी थेट समोरच्या ट्रकवर— थोडक्यात वाचलो. वर मलाच म्हणतो, आई, असं दचकवत जाऊ नकोस.

उठवलं तर मरण. नाही उठवलं तर—

मंगळवार, १८

पोरीला आज ठेवा घरी, म्हणून रडले. सून म्हणाली, सासूबाई, परीक्षा आहे तिची. मग मीही गेले. एकटी कशी सोडू?

आज पुलाआधीच मिटले. फाटकाशी उघडेनात. नात दप्तर घेऊन बाहेर उभी, बाबांनी हात हलवायची वाट बघत. हलवला. पण डोळे—

बुधवार, १९

गाडीतच लिहिते. घरापासून मिटलेत. एकही रेघ नाही.

शाळा गेली. नात म्हणाली, बाबा, फाटक मागे राहिलं.

हाक मारू? दोन्ही बाजूंना ट्रक— नाही मारत— पण मग कुठे—

नात मागे वळून बघतेय. म्हणते, आजी, तूपण डोळे मिटून लिहितेस! आणि अक्षर बघ किती सुंदर. मुंगी एकसुद्धा नाही.

पाहुणे गुरुवारी नऊला येतो म्हणालेत. तोवर आम्ही—