एका ‘च’ची दुरुस्ती

प्रिय खारूताई,

अक्षर वाकडं दिसलं तर हसू नकोस, डाव्या हाताने गाल धरून लिहितोय. चार दिवसांपूर्वी दात साफ करून घेतले. कित्येक वर्षांचा थर निघाला. जिभेला वाटतंय, आपण दुसऱ्याच कुणाच्या तोंडात आलो. हिरड्या सुजल्या, गार पाण्याचा घोट घेतला की कळ थेट कानात. त्यात मी नेहमीचा शहाणपणा केला. दुखतंय म्हणून दोन दिवस ब्रशच बंद ठेवला, आणि वर कडकडीत चहा. हिरड्या आणखी भडकल्या. मग तुझ्या आईने दवाखान्यातून मिळालेला सूचनांचा कागद माझ्या नाकासमोर धरला. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, एवढ्या चार ओळी वाचता आल्या नाहीत का, म्हणाली.

आता कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून तीनदा गुळण्या चालल्यात. मऊ ब्रश आणलाय, हलक्या हाताने फिरवतो. तिखट, आंबट, गरम सगळं बंद. रक्त थांबलंय, आज गोळीही लागली नाही. तेव्हा काळजी करू नकोस.

तू विचारशील, गेला कुठे होतास? तुझा दवाखाना बसने वीस मिनिटांवर, आणि मी गेलो गल्लीच्या टोकाला, एका अनोळखी डॉक्टरीणबाईंकडे. लहानपणी दात हलायला लागला की तू आईला सोडून माझ्याकडे धावत यायचीस. मला मात्र तुझ्याकडे यायला तोंड नव्हतं, आणि दाखवायचं होतं तेही तोंडच.

तुझ्या दवाखान्याच्या उद्घाटनाला तुझ्या सरांनी माझं अभिनंदन केलं, आठवतं ना? मी म्हणालो, छे हो, दातांचीच डॉक्टर; दात कोरून कुठे पोट भरतं! सगळे हसले. मला वाटलं, काय बहारदार बोललो. तू हातातली कात्री टेबलावर ठेवलीस आणि आत जाऊन हात धूत राहिलीस. बराच वेळ नळ चालू होता. त्याला दोन वर्षं झाली. फोन करतेस, पण आईला. ती म्हणते, आपलेच दात आणि आपलेच ओठ, चालायचंच. पण चावणारा मी होतो गं.

एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. त्या बाईंनी तपासताना सहज विचारलं, घरात कुणी डॉक्टर आहे का? मी म्हणालो, नाही. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग इकडे कसे? तो टाळायला मी खुर्चीत आडवा पडून, तोंडावर दिवा असताना, माझी मुलगी नाकारली. हिरड्या बऱ्या होतायत, ते ‘नाही’ काही बरं होत नाही. लाज वाटते. मला माफ कर. सहा महिन्यांनी पुन्हा साफ करायला सांगितलंय. तेव्हा तुझ्याकडे येईन, रांगेत बसेन, आणि शेजारी बसेल त्याला सांगेन की डॉक्टर माझी मुलगी आहे. देशील वेळ? चाळीस वर्षं प्रुफं तपासली, पण ‘दातांचीच’मध्ये नको तिथे पडलेला तो एक ‘च’ तेवढा नजरेतून सुटला. आज तो तिथून काढतोय आणि खाली, त्याच्या जागी लावतोय.

तुझाच,
बाबा