धडधाकट आईची व्हीलचेअर

३ मे, शनि.
आई आली. लाओसला दादाकडे महिनाभर राहून, बँकॉक-दुबई करत, एकटी. डब्लिनला व्हीलचेअरवर बसून महाराणीसारखी बाहेर आली आणि मला बघताच टुणकन उठली. ढकलणारा भला माणूस बघतच राहिला. मी उगाच "शी इज ग्रँड नाऊ" म्हणून हसले.
आमच्या सगळ्यांच्याच आया अशा येतात. पाय ठणठणीत, पण इंग्रजी येत नाही, गेट सापडत नाही. खुर्ची मागितली की कुणीतरी पार शेवटपर्यंत पोचवतं. डब्लिनच्या या ल्यूकन उपनगरातल्या निम्म्या मैत्रिणींना ही युक्ती मीच शिकवलीय.

५ मे, सोम.
बँक हॉलिडेची सुट्टी. आई आल्यापासून गप्पच. जेट लॅग असेल म्हटलं. आज मेथी निवडताना बोलली.
लाओसच्या राजधानीतला विमानतळ एवढासा, हरवायला जागाच नाही. तरी ही खुर्चीत, कारण मी फोनवर बजावलेलं : उठायचं नाही, उठलीस तर काढून घेतील. त्या वेळी तिथे खुर्ची तेवढी एकच होती, ही बसलेली. मागून एक मुलगा म्हाताऱ्या आईला घेऊन आला. तिला पाऊल टाकवत नव्हतं. शेवटी त्याने तिला पाठुंगळीला घेतलं आणि विमानाचा जिना चढला.
"जाताना माझ्याकडे बघून हात जोडले गं तिने. तिला वाटलं, मीही तिच्यासारखीच."
"मग तू?"
"पाय दुखतोय असं तोंड केलं."
"उठायचंस ना."
"उठले असते तर सगळ्यांना कळलं असतं."
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती निदान बोलली तरी. शिकवणारी मी.

८ मे
शेजारच्या कीर्तीचा फोन. तिचे सासरे येतायत, एअरलाइनला नेमकं काय सांगायचं? सांगितलं. अगदी नेहमीसारखं, "जिना चढता येत नाही म्हण" वगैरे. निर्लज्जपणाची कमाल.

१८ मे, रवि.
आईने जाहीर केलंय, परतताना खुर्ची नाही, चालत जाणार. रोज पार्कात फेऱ्या. माझी लेक ईरा तिला "व्हेअर इज माय गेट, प्लीज" शिकवतेय. "शी इज वे फास्टर दॅन यू, मम."
दादालाही फोन केला होता तिने : ती म्हातारी कोण, कळेल का? तो म्हणाला, "आई, विमानतळ छोटा असला तरी देश आहे तो."

२ जून, सोम.
पुन्हा बँक हॉलिडे, पुन्हा पाऊस. पार्कात ओल्या पानांवरून आई घसरली. गुडघा टम्म. डॉक्टर म्हणाली, हाड शाबूत आहे, पण महिनाभर जपा. तिकीट १४चं. बदलू म्हटलं तर ऐकत नाही.

९ जून
"आई, आता खरंच लागणार खुर्ची."
"नको."
"अगं, दुखतंय ना?"
"तेव्हाही असंच तोंड केलं होतं मी."
माझा नवरा मिलिंद म्हणाला, तू तिच्याशी वाद घालू नकोस. कोणत्या तोंडाने घालणार?

१२ जून, गुरु.
आई झोपलीय असं समजून एअरलाइनला फोन केला. तिकडच्या बाईने विचारलं, चालता येतं का, जिना चढता येतो का. उत्तरं मला पाठ. आयुष्यात पहिल्यांदा खरी दिली. बाई म्हणाली, नो बॉदर, नोंद केलीय.
वळून बघते तर आई भिंतीला धरून दारात.
"काय सांगितलंस?"
"खरं तेच."
"म्हणजे मागच्या वेळी सांगितलंस तेच."
ती भिंत धरत धरत खोलीत गेली. परवा सकाळी सातला निघायचंय. खुर्ची येईल. ती बसेल की नाही, मला सांगता येत नाही आणि बस म्हणायची माझी हिंमत होत नाहीये.