नुसता शब्द

प्रिय बाळ,

बाबांचे दिवस करून तू गेलास, त्याला सतरा दिवस झाले. मागच्या फोनवर मी नीट बोलले नाही, कारण घरात माणसं होती. आता कुणी नाही, पण फोनवर बोलणं नको वाटतं.

बाबांच्या कंपनीचे वकील तीनदा येऊन गेले. न विचारता बाबांच्या खुर्चीत बसतात. पहिल्यांदा फळं आणली, दुसऱ्यांदा कागद. लिफ्टच्या दोरांचं कंत्राट बाबांनी एकट्याच्या मर्जीने दिलं, मोठ्या साहेबांना काहीच माहीत नव्हतं, असं त्यात आहे. खाली माझी सही हवी. म्हणाले, "वहिनी, गेलेल्या माणसाला कसली शिक्षा? जिवंतांचं बघा." तिसऱ्यांदा काहीच आणलं नाही. फक्त विचारलं, मुलगा कामाला कुठल्या रस्त्याने जातो. मी सांगितलं नाही. तेव्हापासून समोर एक गाडी उभी असते. कदाचित शेजाऱ्यांकडची असेल.

बाबा सगळ्यांची कामं करायचे. "मी काय, नुसता शब्द टाकतो. शब्दाला काय पैसे पडतात?" मी म्हणायचे, टाकून टाकून झिजेल एक दिवस. हसायचे. ती लिफ्ट पडली आणि दुरुस्तीवाल्याचे दोन्ही पाय गेले, तेव्हापासून हसले नाहीत. चौकशीची नोटीस आली त्या आठवड्यात ते ऑफिसात टेबलावरच गेले.

मला चौकशीला बोलावलं होतं. अधिकारी माझ्याच वयाच्या बाई आहेत. त्यांनी पाणी दिलं आणि सावकाश समजावलं. कंपनी खासगी असली तरी शब्द टाकून बदल्यात काही घेतलं, की तो गुन्हाच. पैसेच घ्यायला हवेत असं नाही. बाहेर बाकावर दुरुस्तीवाल्याची बायको बसली होती. तिने सरकून मला जागा दिली. मी कोण हे तिला माहीत नसावं.

आत्या म्हणतात, सही करून मोकळी हो, नाहीतर भावाच्या नावाला काळं फासशील. पण सही केली तर सगळं काळं त्यांच्याच नावाला. कंत्राट द्यायच्या आधी दोरवाल्याला आपल्या घरी आणलं ते मोठ्या साहेबांनी. चहा मी केला होता. दोर तपासणीत एकदा नापास झालेत हे बाबांनी माझ्यासमोर सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्ही शब्द टाका, बाकी आम्ही बघतो." दोरवाल्याने विचारलं, मुलगा काय करतो. पंधरा दिवसांनी त्याच्या भावाच्या कंपनीतून तुला नेमणुकीचं पत्र आलं. मुलाखत तासभर चालली, असं तू सगळ्यांना सांगत होतास. बाबा तेव्हा उठून आत गेले होते.

सोमवारी अकराला माझा जबाब आहे. साहेबांचं नाव सांगणार आहे, तुझी नोकरी कशी लागली तेही. नोकरी बहुधा जाईल. तुला हे बाहेरून कळू नये म्हणून आजच कुरिअरने पाठवते. तुझ्यावर काही येईल का, हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलाला माहीत होतं का, यावर आहे. माहीत नव्हतं, असंच मी सांगणार आहे. पण तिथे खोटं बोलणं मला जमणार नाही. म्हणून त्याआधी एकदा कळव. तुला माहीत नव्हतं ना?

तुझीच,
आई