धरणातली डिश

मु. बोटीवर, धरण
मार्फत बबनराव किराणा, केळझर
३ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षा हिला बाबाचे आणि आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र बबनरावांच्या दुकानात आठ दिवस साखरेच्या पोत्यावर पडून होतं. काल बाजाराला गेलो तेव्हा हाती आलं. दिवाळीला सुट्टी मिळाली नाही म्हणतेस, तर नाही मिळाली. आईनं तुझ्या वाटचे अनारसे डब्यात जपून ठेवले होते, ते शेवटी शनिवारी बोटीत फिरायला आलेल्या पाहुण्यांनी संपवले.

तू टीव्हीवर बातम्यांच्या कोपऱ्यात उभी राहून हातांनी बातम्या सांगतेस, हे मी तुझ्या आईला सांगून बसलो आणि तेव्हापासून माझ्या डोक्याला शांतता नाही. तिला ते बघायचंच आहे. तिला ऐकू येत नाही, वाचता येत नाही, आणि इथे धरणावर मोबाइलला रेंज नाही. मागे केळझरला नेऊन बबनरावांच्या फोनवर तुझा चेहरा दाखवला, तर तो घडीघडी गोठत होता. हात गोठले की तिच्या लेखी तू गप्प. तुझी चिठ्ठी मी मांडीवर घेऊन ओळीओळीनं हातांनी सांगतो, पण ती मला म्हणते हे पोरीचं बोलणं नाही, तुझं आहे. मी मधल्या चार ओळी गाळतो हे तिला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून आंजीच्या डिशवाल्या माणिकला आणून बोटीच्या छपरावर डिश बसवली. तासभर इकडेतिकडे फिरवल्यावर आरशासारखं चित्र आलं. माणिकनं छपरावर पांढऱ्या ऑइल पेंटनं बाण काढला आणि मला बजावलं की काकाजी, डिशचं तोंड या बाणावर राहू द्या, मंग दहा वर्षं पाहा लागत नाई. आम्ही दोघांनी मान डोलावली आणि चहा घेतला. माणिक काठावर उतरला, वारा सुटला, बोट फिरली, आणि बोटीबरोबर बाणही फिरला. आता डिश बाणावर आहे, बाण भलतीकडे आहे आणि टीव्हीवर सिग्नल नाही असं लिहून येतं. दोन शहाण्या माणसांना एवढं सुचू नये, याला काय म्हणावं.

तुझी आई रोज साडेसहाला त्या काळ्या काचेसमोर बसते. मला ते बघवत नाही. तुझ्या तिथे कोणी जाणकार असेल तर विचार. आमची माया तुला माहीतच आहे, ती वेगळी काय लिहू.

तुझा बाबा,
अंकुश

पुणे
११ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांच्या आणि आईच्या चरणी समीक्षाचा नमस्कार. वि. वि.

बाणाची गोष्ट स्टुडिओत सांगितली तेव्हा सगळे हसून हसून बेजार झाले. चिडू नका. आमच्याकडे यंत्रं सांभाळणारा सुमीत मात्र हसला नाही. तो म्हणाला की काकांचं काही चुकलं नाही, डिशला वीतभरसुद्धा हललेलं चालत नाही, तेव्हा डिश सोडा आणि आधी बोट बांधा. एका नांगरावर बोट वाऱ्याबरोबर घिरट्या घालते. पुढे एक आणि मागे एक असे दोन नांगर टाका, दोर ताठ ठेवा.

मी सोमवार ते शुक्रवार असते. उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत, काळा सदरा. आईला सांगा, वेणी नाही दिसणार, केस मागे घट्ट बांधावे लागतात. ती पहिली तक्रार तीच करेल.

मी मजेत आहे. जेवण बरं आहे, झोप बरी आहे. माझी काळजी करत बसू नका, त्यापेक्षा नांगर शोधा. माझ्यावर आहे तेवढाच जीव असू द्या, जास्त नको.

तुमची,
समीक्षा

बोटीवरून
२२ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षा हिला आशीर्वाद, आणि त्या सुमीतलाही.

दोन डब्यांत सिमेंट भरून नांगर केले आणि पुढेमागे सोडले. दोन दिवस बोट खुंटीवरच्या गायीसारखी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी गव्हासाठी कालव्याला पाणी सोडलं. धरण हात-दीड हात उतरलं, दोर सैल पडले, बोट पुन्हा डुलायला लागली. दोर आवळावेत तर रविवारी पाहुण्यांना फेरी मारायची असते. हिरालालशेठ काठावरून ओरडले की काऊन रे अंकुश, बोट फिरवाले ठेवली का बांधून ठेवाले. बोट त्यांची, त्यांना काय बोलणार.

शेवटी मी असं करतो की सव्वासहाला मागच्या बाजूला उभा राहतो, लांब बांबू तळाच्या चिखलात रोवतो आणि अंगाच्या जोरावर बोट धरून ठेवतो. बातम्या संपेपर्यंत हलत नाही. त्यामुळे तुझी आई आत तुला बघते आणि मी बाहेर धरणाचं पाणी बघतो. तू टीव्हीवर कशी दिसतेस ते मला अजून माहीत नाही.

आता जे झालं ते लिहितो. गाळणार नाही. पहिल्या दिवशी तिनं तुला बघितलं आणि काचेवर हात ठेवून बसली. बातम्या संपल्यावर बाहेर आली ती रागातच. मला विचारलं की पोरगी आपलीच आहे, मग ही बोलते कोणाचं. तिला एक शब्द कळला नव्हता. मिशीला पीळ दिला की बाबा, दोन वेण्यांसारख्या दोन मुठी खांद्यावरून खाली आणल्या की तू, कपाळ पुसलं की ऊन, हे आपल्या तिघांचं बोलणं. त्यातलं तुझ्या हातात काहीच नव्हतं. त्या दिवशी ती जेवली नाही.

इतक्या खटपटीनं चित्र आणलं आणि हे असं झालं. मला चैन नाही. लवकर लिही.

तुझा बाबा

पुणे
२९ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना आणि आईला नमस्कार.

तुमचं पत्र वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. हे मला आधीच कळायला हवं होतं. मी इथे येऊन शिकले ती देशभरच्या शाळांतून शिकवलेली खुणांची भाषा, लाखो माणसांची. आई कधी अशा शाळेत गेलीच नाही. आपलं बोलणं तिनं चुलीजवळ बसून स्वतः घडवलं, आणि ते आपल्या तिघांपलीकडे कोणाला येत नाही. मी लहानपणापासून तिची जीभ होऊन बाजारात हिंडले, त्याच जोरावर मला हे काम मिळालं. आणि आता तिलाच माझं बोलणं कळत नाही.

काल बातम्या संपताना मनात आलं की शेवटी एकदाच दोन मुठी खांद्यावरून खाली आणाव्यात. आईला ते कळलं असतं. हात उचललाही होता. पण टीव्हीसमोर बसलेल्या ऐकू न येणाऱ्या माणसांचा सगळा भरवसा माझ्या हातांवर असतो. त्यात मी माझ्या घरचं काही मिसळलं तर त्यांनी कोणाकडे बघायचं. मी हात खाली घेतला. आईला हे कसं सांगाल तुम्हीच बघा, पण गाळू नका.

सुमीत विचारत होता की डिश बोटीवरच हवी असा हट्ट का. पाणी उतरलंय तर जवळपास एखादं टेकाड उघडं पडलं असेल, त्यावर खांब पुरा, डिश त्याला बांधा आणि वायर सैल सोडून बोटीत आणा. मग बोट कुठेही तोंड फिरवू दे. बाबा, ते बांबू धरून उभं राहणं आता बंद करा. तुम्हीपण आत बसा.

मी मजेत आहे. रागावला असलात तरी पत्र पाठवत राहा.

तुमची,
समीक्षा

बोटीवरून
१० डिसेंबर २०२४

चि. समीक्षा हिला आशीर्वाद.

सुमीतचं डोकं चाललं. बोटीपासून चाळीस पावलांवर टेकाड उघडं पडलंय. माणिक पुन्हा आला. सागाचा खांब पुरला, डिश बांधली, वायर रिकाम्या बाटल्यांना बांधून पाण्यावर तरंगत सोडली. आता बोट हवी तशी फिरते आणि चित्र जागचं हलत नाही. हिरालालशेठ आधी रागावले, मग मेव्हण्याला घेऊन बघायला आले आणि सगळी कल्पना आपलीच असल्यासारखं सांगत होते. माणिक बाणाकडे बघून एवढंच म्हणाला की काकाजी, हा पुसून टाका, लोकं काय म्हणतीन.

आणि बांबू सुटल्यामुळे मीही तुला बघितलं. काय लिहू. काळ्या सदऱ्यात तू एकदम मोठी दिसतेस. मला तुझं काहीच कळलं नाही, तरी सगळं कळल्यासारखं वाटलं.

आता दुसरं. तुझ्या आईला मी शाळेच्या भाषेचं सगळं सांगितलं. तिनं समजून घेतलं आणि पुन्हा रोज बसायला लागली. मला वाटलं तुझा चेहरा बघायला बसते. चौथ्या दिवशी तिनं टीव्ही बंद केला, माझा उजवा हात धरला, खांद्यापर्यंत वर नेला आणि तिथेच अडवला. मग मला सगळं अंग कलतं करायला लावलं. म्हणाली की पोरगी असं करते. हात वर जात नाही म्हणून ती सगळी वाकते, आणि वाकलेलं दिसू नये म्हणून मान सरळ धरते. मी म्हणालो, चौकट लहान आहे, पडद्यात मावायला तसं करत असतील. तिनं माझा हात पुन्हा तिथेच अडवला. दुसऱ्या दिवशी मी नीट पाहिलं. ती सांगते तसंच होतं.

भाषा परकी आहे पण हात पोरीचे आहेत ना, असं ती म्हणते. मजेत आहे हे तू दर पत्रात लिहिलंस आणि मी दर वेळी तसंच सांगितलं. आता तू खरं लिही. ती सकाळपासून तीनदा विचारून गेली.

तुझा बाबा

पुणे
१६ डिसेंबर २०२४

ती. बाबांना नमस्कार.

हे पत्र आईसमोर उघडू नका, आधी एकटे वाचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मैत्रिणीच्या स्कूटरवरून पडले. उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी सहा आठवडे हात गळ्यात बांधून ठेवायला सांगितलं होतं, मी तीन आठवड्यांत सोडला. स्टुडिओत टायफॉइड झाला म्हणून कळवलं होतं. माझं काम कायमचं नाही, आणि ते करायला दुसऱ्या दोघी टपून आहेत. दिवाळीला सुट्टी होती, बाबा. हात गळ्यात होता म्हणून आले नाही.

तेव्हापासून हात खांद्याच्या वर जात नाही. पहाटे दुखून जाग येते. अंग कलतं करून भागवता येतं हे मी आरशासमोर उभं राहून शिकले. इथे रोज समोर कॅमेरा असतो, चार माणसं मला बघत असतात, त्यातल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही. आणि आईनं धरणात बसून एवढ्याशा चौकटीत ओळखलं. तुमचं पत्र वाचून मी रस्त्यातच रडले.

तिला सांगा की झोपेत हात अवघडला होता, आता बरा आहे. तिला उगाच घोर नको. तुम्ही रागावा, पण तिला सांगू नका.

समीक्षा

बोटीवरून
२१ डिसेंबर २०२४

चि. समीक्षा हिला आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं करून बघितलं. झोपेत हात अवघडला, असं तुझ्या आईला सांगायला लागलो. तिनं अर्ध्यातच माझे दोन्ही हात धरून ठेवले. तोंडानं मी आजवर पुष्कळ थापा मारल्या, पण हातांनी मला जमत नाही, आणि तिच्यापुढे तर नाहीच. मग पत्र काढून मांडीवर ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून सांगितलं. एकही ओळ गाळली नाही.

ती रागावली नाही. उठली आणि पिशवी भरायला लागली. रात्री बोटीवर दोघांपैकी एकानं राहायचं ही शेठची अट, तेव्हा मी राहतो, ती येते. आजवर ती एकटी वर्ध्याच्या पुढे गेलेली नाही. पण केळझरचे माधव गुरुजी गुरुवारच्या गाडीनं पुण्याला त्यांच्या लेकीकडे निघालेत, ते तिला तुझं दार दाखवून पुढे निघतील. फोन लावला तर तू नको म्हणशील, म्हणून लावत नाही. हे पत्र आज स्पीड पोस्टानं टाकतो.

ती म्हणते की पोरीला दिवसभर लोकांचं बोलावं लागतं, दुखरा हात घेऊन. घरी आल्यावर तरी कोणी आपलं बोलणारं पाहिजे. हात डोक्याच्या वर जाईपर्यंत ती हलणार नाही. डॉक्टरांकडे तीच नेईल, आणि कामाचं काय ते नंतर बघू. काम गेलं तर गेलं. तुझ्यापेक्षा मोठं नाही ते.

मी ठीक आहे. साडेसहाला एकटाच बसेन, पण तू तिथे दिसली नाहीस तर मला आनंदच होईल. आमच्यावर राग धरू नकोस.

तुझा बाबा,
अंकुश

ता. क. शुक्रवारी सकाळी दाराला कडी लावू नकोस. ती दार वाजवेल, तू आतून ओ देशील, आणि ती बाहेरच उभी राहील.